भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर ही पुणे येथील संस्कृत, प्राकृत व भारतविद्येच्या अभ्यासास वाहिलेली संस्था आहे. हस्तलिखितांचा मोठा संग्रह आणि महाभारताची चिकित्सक आवृत्ती यांसाठी ती जगभरातील अभ्यासकांना परिचित आहे.

स्थापना

संस्कृत पंडित व समाजसुधारक रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्या ऐंशीव्या वाढदिवशी, ६ जुलै १९१७ रोजी, संस्थेची स्थापना झाली. भांडारकरांचा ग्रंथसंग्रहही संस्थेला लाभला. १९१९ साली पहिली अखिल भारतीय प्राच्यविद्या परिषद पुण्यात भरविण्यात संस्थेचा पुढाकार होता.

हस्तलिखित संग्रह

मुंबई सरकारने १८६६ पासून हस्तलिखिते मिळविण्याचे काम हाती घेतले. ब्यूलर, कीलहॉर्न, भांडारकर आदी विद्वानांनी ठिकठिकाणी हिंडून ती जमविली. डेक्कन कॉलेजात ठेवलेला हा संग्रह १९१८ साली संस्थेच्या स्वाधीन झाला. त्यात कागदाबरोबरच भूर्जपत्रावरील व ताडपत्रावरील पोथ्याही आहेत. येथील ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांचा समावेश २००७ साली युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत झाला.

महाभारताची चिकित्सक आवृत्ती

महाभारताच्या पोथ्या प्रांतोप्रांती निरनिराळ्या लिप्यांत नकलल्या गेल्या. नकलताना कुठे शब्द बदलले, कुठे श्लोक वाढले, तर कुठे संपूर्ण आख्यानांची भर पडली. त्यामुळे उत्तरेकडील व दक्षिणेकडील परंपरांच्या पोथ्यांत मोठी तफावत आढळते. उपलब्ध पोथ्या ताडून त्यांच्या आधारे पोहोचता येईल तितका जुना पाठ निश्चित करणे, हे या प्रकल्पाचे उद्दिष्ट होते.

कामाचा आरंभ १९१९ साली झाला. १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुखटणकर प्रमुख संपादक झाले आणि त्यांनी संपादनाची पद्धत घालून दिली. १९४३ साली त्यांचे निधन झाल्यावर श्री. कृ. बेलवलकर व नंतर प. ल. वैद्य यांनी ही धुरा वाहिली. एकूण १,२५९ हस्तलिखिते तपासून १९६६ साली काम पूर्ण झाले. राष्ट्रपती सर्वपल्ली राधाकृष्णन यांच्या हस्ते त्याचे प्रकाशन झाले.

संपादकांनी मूळ संहितेतून वगळलेला मजकूर टाकून दिला नाही. पाठभेद तळटीपांत, तर मोठे प्रक्षेप परिशिष्टांत दिले आहेत. व्यासांनी सांगावे व गणपतीने लिहून घ्यावे, ही सर्वपरिचित कथाही मूळ संहितेत नसून परिशिष्टात आहे. संपादकांचा निर्णय वाचकाला स्वतः पडताळून पाहता यावा, अशी ही रचना आहे.

इतर प्रकाशने

महामहोपाध्याय पां. वा. काणे यांचा धर्मशास्त्राचा पाच खंडांतील इंग्रजी इतिहास (१९३०–१९६२) संस्थेनेच प्रसिद्ध केला. काणे यांना १९६३ साली भारतरत्न हा किताब मिळाला. संस्थेचे संशोधनविषयक नियतकालिकही निघते.

२००४ मधील हल्ला

जेम्स लेन यांच्या छत्रपती शिवाजी महाराजांवरील इंग्रजी पुस्तकातील मजकुरावरून वाद उसळला. लेखकाने पुस्तकात संस्थेतील अभ्यासकांचे आभार मानले होते. त्यावरून ५ जानेवारी २००४ रोजी जमावाने संस्थेत शिरून मोडतोड केली. त्यात ग्रंथ, हस्तलिखिते व जुन्या वस्तूंची हानी झाली. छापील ग्रंथाची दुसरी प्रत मिळू शकते. हस्तलिखित मात्र प्रत्येक एकमेव असते. ते नष्ट झाले, तर त्यातील पाठभेद पडताळण्याचे साधनच नाहीसे होते.