ओढ्यापुरतं जग, ओढ्याएवढाच आधार

गारगोटीहून वेदगंगेच्या काठाने पाटगावकडे निघालं की ऊस मागे पडत जातो आणि सह्याद्रीचं दाट रान सुरू होतं. या रानातल्या गव्याला सगळे ओळखतात. इथल्या ओढ्यांवर जगणाऱ्या कीटकांची मात्र अजून पुरती मोजदादही झालेली नाही. भुदरगड-आजऱ्याच्या दक्षिणेला, आंबोलीजवळच्या चौकुळमधून २०२२ मध्ये चतुराची एक नवी जात जगासमोर आली. गावावरूनच तिचं नाव पडलं : बर्मागोम्फस चौकुळेन्सिस.

या कुळातल्या चतुरांचं बरंचसं आयुष्य पाण्याखाली, तळाच्या वाळूत आणि गाळात रुतून जातं. पंख फुटल्यानंतरचे दिवस थोडेच. त्यामुळे पाणी गढूळ झालं, काठची झाडं तुटली, वरच्या शेतातलं कीटकनाशक वाहून आलं किंवा तळ यंत्राने खरवडला गेला, तर पुढची पिढी तिथेच संपते. मोठा पल्ला असलेली जात दुसऱ्या खोऱ्यात तग धरते. मोजक्या ओढ्यांवर जगणाऱ्या जातीला तशी दुसरी जागा नसते.

तरीही पल्ला लहान म्हणून कुठलीही जात आपोआप 'संकटग्रस्त' ठरत नाही. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत वावराचं क्षेत्र १०० चौरस किलोमीटरपेक्षा कमी असेल तर 'अतिसंकटग्रस्त' आणि ५,००० पेक्षा कमी असेल तर 'संकटग्रस्त' हा दर्जा मिळू शकतो. पण अधिवास तुकड्यांत विखुरला आहे, सतत घटतो आहे, अशांपैकी किमान दोन गोष्टींचे पुरावेही लागतात. पुरावा म्हणजे वर्षानुवर्षांच्या नोंदी. त्या नसल्या की जात 'अपुरी माहिती' या रकान्यात अडकते आणि तिच्या ओढ्याची बाजू मांडायला कागद उरत नाही.

आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, ही मोलाची गोष्ट आहे. पण असं क्षेत्र सरकारी जमिनीवरच होतं. ओढा मात्र राखीव रानातून मालकीच्या रानात आणि तिथून शेतात उतरतो. म्हणून सरकारी जमिनीपुरता न थांबणारा जैवविविधता कायदा, २००२ महत्त्वाचा. याच कायद्याखाली २०२१ मध्ये आंबोलीच्या हिरण्यकेशी उगमाला जैविक वारसा स्थळाचा दर्जा मिळाला, तोही 'शिस्टुरा हिरण्यकेशी' या बोटभर माशासाठी. क्षेत्र जेमतेम २.११ हेक्टर. जो न्याय माशाला मिळाला, तो चतुरालाही मिळू शकतो.

सुरुवात ग्रामपंचायतीच्या लोकजैवविविधता नोंदवहीपासून व्हावी. त्यात औषधी झाडांबरोबर ओढ्यावरचे चतुर आणि त्यांच्या नात्यातल्या टाचण्याही तारखेनिशी, फोटोनिशी याव्यात. गारगोटीच्या महाविद्यालयांतली मुलं हे काम दर पावसाळ्यानंतर करू शकतात. 'मधाचं गाव' झालेल्या पाटगावला मधमाशीसाठी रान राखणं नवं नाही. तीच राखण आता ओढ्याच्या पाण्यापर्यंत न्यायला हवी, कारण त्याच पाण्यावर खालची शेतंही पिकतात.