खिडकीचा कट्टा

मंडळी, आपल्या मराठवाड्यातलं जुनं घर डोळ्यांसमोर आणा. लाकडाचे खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर किलचं आणि त्यावर मातीचा जाड थर. यालाच आपण माळवद म्हणतो. भिंती दगडमातीच्या, दोन-दोन, अडीच-अडीच फूट जाड. अशा भिंतीत खिडकी बसवली की चौकटीच्या आतल्या बाजूला एक सपाट जागा उरते. लेकरू मांडी घालून बसेल एवढी. कोणी तिला ओटा म्हणतात, कोणी कट्टा. आम्ही इथे कट्टा म्हणू.

कुरुंद्यात आता सिमेंटची घरं उठली आहेत. त्यांच्या खिडकीला असा कट्टा नसतो. चार बोटांची फरशी असते, तिच्यावर तांब्यासुद्धा नीट बसत नाही. तेव्हा ज्यांच्याकडे जुनं घर आहे त्यांनी ते हलकं समजू नये. त्यांच्या खिडकीत एक लहानशी खोलीच आहे.

पूर्वी खिडक्या लहान ठेवीत. ऊन येऊ नये, धूळ येऊ नये आणि चोराचा हात आत पोचू नये, हा हिशेब. उजेड यायचा तो वरच्या सान्यातून. पण पावसाळ्यात सानं झाकावं लागतं. मग चार महिने घराला उजेड आणि वारा देणारी ती एकच खिडकी. म्हणून पहिली गोष्ट ही की, खिडकी सजवायची ती उजेड न अडवता. उजेड अडला तर ती सजावट नव्हे, अडगळ झाली.

आणि आज त्या कट्ट्यावर काय असतं? गंजलेला विळा. बंद पडलेली बॅटरी. लग्नपत्रिकांचा गठ्ठा. मोडका कंगवा, तुटक्या चपलेचा एक पाय, कुलपाशिवाय किल्ल्या. आणि फवारणीच्या औषधाची अर्धी बाटली. या बाटलीबद्दल पुढे सांगायचं आहे. आधी कट्टा पूर्ण रिकामा करा.

रिकाम्या कट्ट्याला शेणमातीने सारवून घ्या. वाळला की कट्टा आणि खिडकीच्या दोन्ही बगला चुन्याने पांढऱ्या करा. चुनकळी आदल्या रात्री पाण्यात भिजवावी. भिजताना ती उकळते, वाफ येते. लेकरांना जवळ येऊ देऊ नये आणि डोळे सांभाळावेत. सकाळी फडक्याने गाळून त्यात थोडा डिंकाचा कढ आणि चिमूटभर नीळ घालावी. जाड भिंतीच्या बगला काळ्या असल्या की बाहेरचा उजेड त्यातच मरतो. त्या पांढऱ्या केल्या की तोच उजेड परतून घरात येतो. दुपारी दाणे निवडायला बाईला उंबऱ्यावर येऊन बसावं लागत नाही. पैशाच्या मानाने याइतका फायदा दुसऱ्या कशात नाही असं आमचं मत आहे.

चुना वाळल्यावर कडेने गेरूची दोन बोटं रुंद पट्टी ओढा. तिच्यावर पांढऱ्या खडूच्या मातीचे ठिपके द्या. हात बसला असेल तर एखादी वेल काढा, नसेल तर नुसते ठिपके पुरे. सणावाराला उंबऱ्यापुढे रांगोळी घालणाऱ्या बायांना हे शिकवायला नको. मात्र तैलरंगाचे डबे आणून मातीच्या भिंतीवर फासू नका. मातीला आतला ओलावा बाहेर टाकावा लागतो. तैलरंगाने तो कोंडतो आणि पोपडे सुटतात.

लाकडी चौकटीला जवसाचं तेल पाजा. जवस तर आपल्याकडचंच. लाकूड सुकं असताना फडक्याने पातळ हात द्यावा आणि दोन दिवस वाळू द्यावं. पण ते तेलकट फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. जवसाच्या तेलाचं फडकं गोळा करून ठेवलं तर आपोआप तापतं आणि पेटू शकतं. ते उन्हात पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

थंड मुलुखातही लाकडाच्या घरांना खिडकीचा असाच सोस असतो. हिमाचल प्रदेशात देवदाराचे ओंडके आणि दगड यांचे एकाआड एक थर रचून भिंती उभ्या करतात. त्या पद्धतीला काठकुणी म्हणतात. रशियातल्या खेड्यांत ओंडक्यांवर ओंडके ठेवून घर बांधलेलं असतं आणि खिडकीभोवती कोरीव, रंगवलेल्या फळ्या लावतात. तिथे थंडी बाहेर ठेवायची, आपल्याकडे ऊन बाहेर ठेवायचं. पण घरातल्या माणसाला बाहेर पाहायची हौस सगळीकडे सारखीच.

आता कट्ट्यावर मांडायचं काय? तीन वस्तू पुरेत. घासलेला पितळेचा तांब्या. वाळलेला भोपळा पोखरून केलेलं भांडं. गजाला वरून टांगलेला ज्वारीच्या कणसांचा घोस. त्यावर चिमण्या येतात. जुन्या लुगड्याचा काठ कापून कट्ट्याच्या कडेला पट्टी लावली तर विकतच्या पडद्याहून ती देखणी दिसते. एक सूचना मात्र आहे. पाण्याने भरलेली गोल काचेची बरणी किंवा बाटली उन्हाच्या खिडकीत शोभेला ठेवू नका. तिच्यातून ऊन एका ठिकाणी गोळा होतं, आणि तिथे कापड किंवा कडबा असेल तर तो पेटतो. चष्म्याच्या भिंगाने कागद जाळण्याचा खेळ पोरं करतात, तसाच हा प्रकार.

हिरवं हवं असेल तर कोथिंबीर, पुदिना, पानओवा लावा. पानओव्याची नुसती फांदी खोचली तरी लागते. आणि हळद लावाच. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तीच ही हळद. ज्येष्ठात तेलाच्या रिकाम्या डब्यात एक कंद लावा. हळदीला थोडी सावली चालते, त्यामुळे सकाळचं ऊन येणारी खिडकी तिला मानवते. पानं रुंद आणि चकचकीत येतात. श्रावणात ती खिडकीत डोलू लागली म्हणजे आल्यागेल्याची नजर तिथे जातेच. कण्हेर आणि धोतरा मात्र घरात आणू नका. दोन्ही विषारी आहेत आणि लेकरांना तोंडात घालायची सवय असते.

डब्याच्या तळाला भोकं पाडा आणि खाली खोलगट थाळी ठेवा. जुलै २०२२ मध्ये अतिवृष्टी झाली आणि कुरुंद्यात घरांघरांत पाणी शिरलं. पाणी मातीच्या भिंतीचं काय करतं, हे तेव्हा गावानं पाहिलं आहे. कुंडीतून रोज ठिबकणारं पाणी तेच काम हळूहळू करतं. वर ओलाव्याला वाळवी येते आणि चौकट आतून पोकळ होते. थाळीतलं पाणी दर चार दिवसांनी ओतून टाका आणि थाळी घासा. साचलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो, आणि साधारण आठ-दहा दिवसांत नवे डास उडू लागतात.

आता ती फवारणीची बाटली.

शेतावरून येताना माणूस दमलेला असतो. हातातली बाटली कुठे ठेवायची, तर खिडकीत. उंच आहे, सुकं आहे, उद्या सापडेल. पण कट्टा आपल्याला उंच वाटतो, लेकराला नाही. ते बाजेवर चढतं आणि तिथून कट्ट्यावर जातं. खोकल्याचं औषध त्याने लाल बाटलीतून घेतलेलं असतं. हीही लालच असते. काहीजण तर उरलेलं औषध सरबताच्या बाटलीत ओतून ठेवतात. याला काय म्हणावं?

तुम्ही अक्षरं ओळखू लागला आहात, तेव्हा आज एक काम करा. बाटलीवर टोकावर उभा केलेला एक चौकोन शोधा. त्याचा खालचा अर्धा भाग रंगीत असतो. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल विष. त्याहून कमी पिवळा, मग निळा, मग हिरवा. हिरवा म्हणजे पिण्याजोगं, असा अर्थ कोणी काढू नये. तेही विषच आहे. रंग पाहिल्यावर नाव वाचा, मग बरोबरच्या कागदावरची मराठी सूचना वाचा. अडलं तर वर्गात घेऊन या. कागद आणा, बाटली नको.

बाटली ठेवायची ती राहत्या घरापासून दूर, कुलूपबंद पेटीत, धान्य आणि जनावरांची पेंड यांच्यापासून वेगळी. रिकामा डबा कितीही छान दिसला, कितीही धुतला, तरी त्यात कोथिंबीर लावू नका. पाण्याला, तेलाला, धान्य मोजायलाही नको. त्याला भोकं पाडून टाका, म्हणजे कोणाला उचलावासा वाटणार नाही. आणि कोणाच्या पोटात विष गेलंच, तर आपल्या मनाने उलटी काढू नका, मीठपाणी पाजू नका. माणसाला तडक दवाखान्यात न्या आणि कोणतं विष ते डॉक्टरला कळावं म्हणून बाटली सोबत घ्या.

शेवटी वजनाची गोष्ट. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. दगडमातीच्या जाड भिंती आणि जड माळवदं झोपलेल्या माणसांवर पडली. हजारो माणसं गेली. आपल्याकडेही २१ मार्च २०२४ ला सकाळी आणि पुन्हा १० जुलैला धक्के बसले. दोन्ही वेळा तीव्रता ४.५ होती. उजेड वाढवायचा म्हणून जाणत्या गवंड्याला न विचारता भिंत फोडून खिडकी मोठी करू नका. वरचा भार त्याच भिंतीवर असू शकतो. ज्या खिडकीखाली कोणी झोपतं तिच्या कट्ट्यावर पाटा, वरवंटा, लोखंडी डबा, मातीची भरली कुंडी असलं काही नको. बाज तिथून हलवता आली तर फारच उत्तम. पोळ्याला लेकरांनी केलेले मातीचे बैल तेवढे राहू द्या. ते पडले तर पोरं दुसऱ्या दिवशी नवे करतील.