शेवळें आणि काकडें

वैशाख सरत आला आणि आकाशांत ढगांची जमवाजमव होऊं लागली, कीं उरण-पनवेलच्या बाजारांत आदिवासी भगिनी एका विशेष भाजीच्या जुड्या घेऊन बसलेल्या दिसतात. बाहेरून हिरवट-तपकिरी आवरण, आंत जांभळट दांडा, हींच शेवळें. शेजारींच लहान आवळ्यांसारख्या हिरव्या, आंबट काकडांचे वाटे मांडलेले असतात. न्हावा शेव्याच्या आसपासच्या कित्येक घरांत पावसाची पहिली वर्दी या जुडीनेंच येते.

शेवळ हें सुरणाचें भावंड होय. याचें मूळ घर सह्याद्रि व त्यालगतचा प्रदेश. उन्हाळाभर कंद जमिनींत निद्रिस्त असतो; वळवाची सर पडतांच पानाआधीं फुलाचा कोंब वर येतो. तो उमलण्यापूर्वींच खुडावा लागतो, कारण उमललेल्या फुलास दुर्गंधि येते. मात्र या कोंबांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेस व घशास टोंचतात आणि खाज सुटते.

माझ्या विवाहानंतरच्या पहिल्याच ज्येष्ठांत मीं काकडांऐवजीं चिंचेचीं दोन बुटुकें टाकून ही भाजी केली. पहिल्या घासासच सर्व मंडळींचे घसे खवखवूं लागले! सासूबाई रागावल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं त्यांनीं मला जवळ बसवून सर्व कृति दाखविली. वरचें जून आवरण काढावें, आंतील दांड्याच्या बुडाशीं असलेला पिवळसर रवाळ भाग काढून टाकावा, उरलेलें बारीक चिरून भरपूर तेलावर परतावें. काकडें ठेचून पाण्यांत कुसकरावीं व तो गाळलेला रस घालून भाजी चांगली शिजूं द्यावी. मग भिजविलेली चण्याची डाळ, गूळ, गोडा मसाला व ओलें खोबरें. रसाच्या बाबतींत मात्र हात आंखडूं नये.

अशा युक्तीनें कोंब खाण्याची विद्या केवळ आपल्याकडेच आहे असें नाहीं. जपानांत वसंतऋतूंत ‘उदो’ नांवाचे कोंब मोठ्या आवडीनें खातात. तोकियोजवळ ते जमिनीखालच्या अंधाऱ्या तळघरांत वाढवितात, म्हणजे पांढरे व कोवळे राहतात. सोलून शिरक्याच्या पाण्यांत ठेविले कीं त्यांचा उग्रपणा कमी होतो. बांबूचे कोंब तेथें तांदळाच्या कोंड्याबरोबर उकळतात. आपलें काकड आणि त्यांचा कोंडा यांमागें बुद्धि एकच आहे.

परंतु जपानी शेतकऱ्यानें रानांतला कोंब शेतांत आणला. आपण आपला रानावरच सोडून दिला आहे. न्हावा शेव्यास १९८९ सालीं बंदर सुरू झालें, जानेवारी २०२४ मध्यें शिवडीपासून सागरी सेतु आला. भातखाचरें व मिठागरें यांच्या जागीं धक्के व गुदामें उभीं राहिलीं. भरावासाठीं व खडीसाठीं परिसरांतील डोंगर फोडले गेले. प्रगति नको असें कोण म्हणेल? पण डोंगराच्या मातीबरोबर तींतले कंदहि जातात, आणि ती भाजी विकून चार पैसे मिळविणाऱ्या भगिनीचा हंगामहि जातो.

म्हणून एक सूचना कराविशी वाटते. ज्यांचें परसूं आहे त्यांनीं, व ज्यांस केवळ सज्जाच आहे त्यांनीं खोल कुंडींत, ओळखीच्या विक्रेतीकडून एखादा कंद मागून लावावा. माती पाण्याचा निचरा होणारी, पालापाचोळ्याच्या खताची असावी. पावसानंतर पान वाळलें कीं पाणी बंद करावें व कंद उन्हाळाभर कोरडा राहूं द्यावा. सारेच कोंब न खुडतां एखादें फूल फळूं द्यावें. बाजारची जुडीहि अवश्य घ्यावी, परंतु घासाघीस करूं नये.

आणि शेवटचें: भाजी करतांना लेकीला व सुनेला, किंबहुना मुलांनाहि, जवळ बसवावें. कंद टिकला तरी काकडाची युक्ति विस्मरणांत गेली, तर पुढच्या पिढीच्या हातीं केवळ खाजच राहील.