चित्राची किंमत आणि चित्रकाराचे नाव

चित्रकाराने आपल्या चित्राचे पैसे मागावेत काय, हा प्रश्न वरवर पाहता व्यवहाराचा वाटतो. आपल्या समाजापुरता तरी तो तेवढाच नाही, असे माझे मत आहे. मी महाविद्यालयात शिकवतो आणि उरलेल्या वेळात चित्रे काढतो. गेल्या काही वर्षांत माझी थोडी चित्रे इंटरनेटवरून विकली गेली. त्या खटपटीत जे उमगले ते, चित्रकलेकडे वळू पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींपुढे ठेवावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

माझे वडील तालुक्याच्या गावी पेंटर होते. दुकानांच्या पाट्या, गाड्यांचे नंबर, शाळेच्या भिंतीवरची सुवचने हे त्यांचे हयातभराचे काम. एप्रिल जवळ आला की आसपासच्या वस्त्यांतून बाबासाहेबांच्या चित्राची मागणी येई. मांजरपाटावर सरस आणि खडूच्या पुडीचा हात देऊन ते कापड ताठ करीत आणि त्यावर रात्री जागून बाबासाहेब रंगवीत. त्या चित्रांचे पैसे त्यांनी कधी मागितले नाहीत. ती त्यांची निष्ठा होती आणि मला तिचा आदर आहे. पण गावातला दुकानदारही पाटी रंगवून झाल्यावर, ‘‘पेंटर, पुढच्या बाजाराला या,’’ म्हणे. कधी पैशांऐवजी ज्वारी मापून देई. वडील काही बोलत नसत. २००० नंतर फ्लेक्सची छपाई गावोगाव पोचली आणि त्यांचे काम बसले. त्यांच्या एकाही चित्रावर त्यांची सही नाही.

वडिलांच्या त्या गप्प राहण्याचे मूळ मला पुढे वाचनातून कळले. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मांडले. बलुत्याचे रोख रकमेत रूपांतर व्हावे, ही त्यातील एक महत्त्वाची तरतूद होती. देणाऱ्याच्या मर्जीवर मिळते ते बलुते आणि करणाऱ्याच्या हक्काने मिळते ते मोल, हा भेद त्यामागे होता. पुढे १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ वतने नष्ट झाली. आपल्या मनातले वतन मात्र अजून पुरते गेलेले नाही.

आता साहित्याविषयी. कोणते रंग घ्यावेत हे पुष्कळदा आपले घरच ठरवते. तैलरंग वाळायला अनेक दिवस घेतात आणि ते पातळ करायला बहुधा टर्पेंटाइन लागते. आम्ही दोन खोल्यांत पाच माणसे राहत होतो. तिथे ओले चित्र ठेवायचे कुठे, आणि लहान मुले त्या वासात झोपवायची कशी? म्हणून मी ॲक्रिलिक रंग धरले. ते पाण्यात कालवता येतात, पातळ थर तासाभरात वाळतो आणि वाळल्यावर पाण्याने निघत नाही. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त नळीत रंगद्रव्य कमी आणि भर जास्त असते. स्वस्त बारा रंगांपेक्षा चांगले पाच घ्यावेत. नळीवर रंगद्रव्याचा क्रमांक छापलेला असतो, तो वाचायला शिकावे. पीबी २९ म्हणजे अल्ट्रामरीन निळा, पीडब्ल्यू ६ म्हणजे टायटॅनियम पांढरा. हे दोन्ही टिकाऊ आहेत. पीआर ८३ हा अलिझारिन क्रिमसन उजेडाने फिका पडतो. वडिलांची चित्रे गुंडाळून ठेवली की त्यांना भेगा पडत. कारण सरस-खडूचा थर ताठर असतो, कापडाबरोबर तो वाकत नाही. आज कॅनव्हासला ॲक्रिलिक गेसोचे दोन हात दिले की ही अडचण राहत नाही.

किंमत कशी ठरवावी? मी माझ्या मामाचा आधार घेतला. मामा गवंडी आहेत. आठ तासांची त्यांची रोजी बाराशे रुपये, म्हणजे तासाला दीडशे. माझे अठरा बाय चोवीस इंचांचे एक चित्र घ्या. कॅनव्हास आणि रंग १,४०० रुपये, तीस तासांची मजुरी ४,५००, बांधणी आणि कुरिअर ६००, एकूण ६,५००. कलादालनातून विकायचे आणि त्यांनी तिसरा हिस्सा घ्यायचा असेल, तर किंमत ९,७५० लावली पाहिजे, तेव्हा आपल्या हाती तेवढेच पडतात. प्रस्थापित कलाविश्वात कलेला मजुरीचे माप लावणे हलके समजतात. समजोत. भिंत रचणाऱ्या हातापेक्षा माझा हात स्वस्त आहे, हे मी का मानावे?

इंटरनेटवर विकताना चित्राचा फोटो दिवसाच्या उजेडात, सावलीत, फ्लॅश न लावता आणि समोरून सरळ घ्यावा. सोबत मोजमाप, माध्यम, साल आणि किंमत स्पष्ट लिहावी. ‘किंमत खाजगीत विचारा’ असे लिहिले की घासाघीस सुरू होते. पैसे जमा झाल्यावरच चित्र पाठवावे. कॅनव्हास गुंडाळायचा तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, रुंद नळकांड्यावर, मध्ये गुळगुळीत कागद घालून गुंडाळावा, पावती द्यावी. आणखी एक गोष्ट आपल्याला कोणी शिकवीत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्र विकले म्हणून त्याच्या प्रती छापण्याचा हक्क विकला जात नाही. तो लेखी करारानेच देता येतो. मात्र कोणी पैसे देऊन मुद्दाम चित्र काढून घेतले, तर उलट करार नसल्यास तो हक्क त्याचाच ठरतो. म्हणून असे काम घेताना दोन ओळी लिहून घ्याव्यात.

राहिला नावाचा प्रश्न. पहिली दोन वर्षे मी चित्रावर फक्त गावाचे नाव लिहीत असे. आडनाव वाचून गिऱ्हाईक परत जाईल, ही भीती होती. आई उन्हात बसून भुईमुगाच्या शेंगा फोडते आहे, असे एक चित्र मी शहरातल्या एका कलादालनात नेले. तिथले गृहस्थ म्हणाले, ‘‘चित्र बरं आहे, पण तुमच्या लोकांची वेदना दिसत नाही यात.’’ नागपूरच्या सवी सावरकरांनी अस्पृश्यतेचा आणि देवदासींचा दाह चित्रांत आणला तो स्वतःच्या निर्णयाने, कोणाच्या मागणीवरून नव्हे. माझी आई त्या दिवशी दुःखात नव्हती. पुढे आपल्याच एका मंडळाचा कार्यकर्ता तेच चित्र पाहून म्हणाला, ‘‘सर, समाजासाठी देऊन टाका की!’’ त्याचा हेतू वाईट नव्हता. पण एकाला माझा विषय ठरवायचा होता आणि दुसऱ्याला माझे मोल नको होते. दोघांच्याही हिशेबात चित्र काढणारा माणूस नव्हता.

मी त्या चित्रावर आडनावासकट सही केली आणि ६,५०० ही किंमत लिहून फोटो टाकला. एकाने ‘‘आपण मूळचे कुठले, समाज कोणता?’’ असे विचारले आणि उत्तर वाचून तो गप्प झाला. चार महिने कोणी फिरकले नाही. मग एका परिचारिकेने एक रुपयाही कमी न करता ते घेतले. वडिलांना सांगितले तेव्हा ते बराच वेळ मोबाइलवर चित्र न्याहाळत राहिले. पैशांविषयी त्यांनी काही विचारले नाही. बोट ठेवून म्हणाले, ‘‘सही जरा मोठी करायची होतीस.’’

जयंतीला मंडपवाल्याचे आणि ध्वनिक्षेपकवाल्याचे पैसे आपण बिनबोभाट चुकते करतो. चित्रकारावर मात्र समाजऋणाचे ओझे टाकतो. ज्याला विनामूल्य द्यायचे असेल त्याने जरूर द्यावे, पण ते त्याचे दान म्हणून लिहिले जावे. गृहीत धरले जाऊ नये. यंदा हिशेबाच्या वहीत एक ओळ चित्रकारासाठी राखा. त्या ओळीत त्याचे नाव लिहा आणि नावापुढे रक्कम लिहा.