परदेशी सहल : नावाची भीती आणि खरा धोका

व्यापारी माणूस वर्षभर सूत, ग्रे कापड आणि उधारी यांतच अडकलेला असतो. चार-पाच वर्षांतून एखाद वेळी कुटुंबासह बाहेर पडण्याचा बेत ठरतो. मग घरात पहिला प्रश्न खर्चाचा निघत नाही. "तिथे काही होणार तर नाही ना?" हा निघतो. 2024 च्या दिवाळीनंतर आमच्याकडेही तोच निघाला. मोठ्या मुलाला थायलंडमधील फुकेत हवे होते, सूनबाईला श्रीलंका. अम्मींचे म्हणणे वेगळेच, समुद्रच पाहायचा तर आपले हर्णै काय वाईट आहे!

श्रीलंकेचे नाव निघताच मुलगा म्हणाला, "अब्बा, तिथे हॉटेलातच बॉम्ब फुटले होते." सूनबाईने लगेच विचारले, "आणि फुकेतला टुरिस्टांना लुटतात, त्याचे काय?" दोघांचीही माहिती खरी होती. दोघांनाही हॉटेलचे दर तोंडपाठ होते, पण आपल्या आवडत्या ठिकाणच्या धोक्याची चौकशी कोणीच केलेली नव्हती. आठ माणसांची सहल, त्यात दोन लहान मुले आणि पंचाहत्तरी ओलांडलेली अम्मी. नवा माल घेण्यापूर्वी पार्टीची चौकशी करावी तशी मी दोन्ही ठिकाणांची चौकशी केली. व्यापारी बांधवांना तिचा उपयोग व्हावा म्हणून ती येथे मांडत आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. मी मालेगावचा आहे. गाव बदनाम होणे म्हणजे काय, हे मला कोणी शिकवावयास नको. 8 सप्टेंबर 2006 च्या स्फोटांनंतर राजस्थानातील पालीचा एक जुना व्यापारी, जो दर दोन महिन्यांनी येऊन ताके स्वतः तपासून घेत असे, फोनवर म्हणाला, "शेठ, माल भिवंडीला पोचता करा, आम्ही तिकडूनच उचलू." 2008 च्या स्फोटानंतर पुन्हा तेच. गावात मागांची खडखड सुरू होती, मुले शाळेत जात होती, पण बाहेरच्यांच्या मनात मालेगाव म्हणजे ते दोन दिवसच. म्हणून एखाद्या गावाचे नाव काढताच कोणी "नको रे बाबा" म्हणाले, की मी थोडा थांबतो. परंतु बदनामी झालेले प्रत्येक ठिकाण निर्दोषच असते, असेही मी मानत नाही. चौकशी करावीच लागते.

आधी श्रीलंका. 21 एप्रिल 2019 रोजी, ईस्टरच्या रविवारी, तीन चर्च आणि कोलंबोतील तीन मोठी हॉटेले यांत आत्मघाती स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे मारली गेली, त्यांत आपले भारतीयही होते. परिणाम असा की मे 2018 मध्ये तेथे सुमारे 1 लाख 29 हजार पर्यटक गेले होते, ते मे 2019 मध्ये 38 हजारांच्या आत आले. पुढे कोरोना, त्यामागून 2022 ची आर्थिक दिवाळखोरी, पेट्रोलच्या रांगा, आणि त्याच वर्षी 9 जुलैला राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानी घुसलेला जमाव. एवढ्या घावांनंतरही 2024 मध्ये वीस लाखांवर पर्यटक त्या देशात गेले. मंदीत माल घेणारा कमावतो, हे खरे. मात्र माल आतून सडलेला नाही, याची खातरजमा त्याने केलेली असावी लागते.

आमच्यासाठी एक प्रश्न आणखी होता, आणि तो प्रवासी कंपन्यांच्या पत्रकात छापलेला नसतो. आमच्या घरच्या स्त्रिया डोक्यावर ओढणी, स्कार्फ घेतात. 2019 च्या स्फोटांनंतर श्रीलंकेत चेहरा झाकण्यावर काही काळ बंदी आली होती, आणि त्याच मे महिन्यात मुस्लिमांच्या दुकानांवर हल्ले झाले होते. त्याआधी जून 2014 मध्ये अलुथगामा आणि बेरुवला येथे दंगल झाली होती. आम्ही जे बेंटोटा पाहून ठेवले होते, ते अलुथगामाला अगदी लागून, मध्ये फक्त नदी. मी कोलंबोत कापडाचा व्यवहार करणाऱ्या एका परिचितांना फोन लावला. ते म्हणाले, "भाईसाहेब, 2014 ला आमच्या नातलगांची दुकाने जळाली, बेंटोटाच्या हॉटेलातला पाहुणा दुसऱ्या दिवशी पोहतच होता. आता हवा शांत आहे. निवडणूक किंवा मोर्चा असेल त्या दिवशी गावात फिरू नका, बाकी खुशाल या." या उत्तराने समाधान झाले आणि वाईटही वाटले. पर्यटकाचा धोका आणि तेथे राहणाऱ्याचा धोका या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले.

याचे याहून मोठे उदाहरण दूर वेस्ट इंडिजमधील जमैकाचे आहे. तेथे 2017 साली सोळाशेहून अधिक खून झाले, लोकसंख्या अवघी तीस लाखांच्या आत असताना. जानेवारी 2018 मध्ये तर माँटेगो बे हे पर्यटनाचे मुख्य शहर ज्या जिल्ह्यात आहे, तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली. तरीही त्या 2017 साली, बोटीने उतरणारे धरून, चाळीस लाखांवर पर्यटक तेथे येऊन गेले. खून बहुतेक टोळ्यांच्या वस्त्यांतले होते. म्हणून देशाचा एकूण आकडा पाहून घाबरू नये, तसे निर्धास्तही होऊ नये. गुन्हा कोणावर होतो, कोणत्या मोहल्ल्यात, किती वाजता, हे विचारावे.

थायलंडचेही तसेच आहे. त्या देशाच्या दक्षिण टोकाला पट्टानी, याला आणि नराथिवात या प्रांतांत 2004 पासून बंडखोरी पेटलेली आहे. परदेशी सरकारे आपल्या नागरिकांना त्या प्रांतांत जाऊ नका असे बजावत आली आहेत. फुकेत तेथून तीनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे. 2025 च्या जुलैत आणि पुन्हा डिसेंबरात कंबोडियाच्या सीमेवर तोफा चालल्या, ती सीमा तर फुकेतपासून आणखी लांब. पण टीव्हीवर फक्त "थायलंड" हा शब्द दिसतो. जानेवारी 2025 मध्ये एका चिनी नटाला थायलंडमार्गे म्यानमारमधील फसवणुकीच्या अड्ड्यावर नेल्याची बातमी पसरली आणि चिनी पर्यटकांनी भराभर बुकिंग रद्द केले. तो नट नोकरीच्या आमिषाने गेला होता, सहलीला नव्हे. हा फरक कोण पाहतो?

ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, अमेरिका ही सरकारे प्रवाशांसाठी जी सूचनापत्रके काढतात, ती आपणही वाचावीत. अमेरिकेने जानेवारी 2018 पासून देशांना एक ते चार असे क्रमांक दिले आहेत. तो क्रमांक पाहून पत्रक मिटू नये. आत जिल्हावार मजकूर असतो, खरा माल तेथे आहे. वाचताना एवढे ध्यानात ठेवावे की सरकारचा बाबू जपून लिहितो, कारण उद्या काही झाले तर त्याला जाब विचारला जाईल. याउलट प्रवासी एजंट कधीच घाबरवणार नाही, कारण त्याचे कमिशन बुकिंगवर आहे. दोघांच्या मधला भाव धरावा.

एवढे सारे वाचून झाल्यावर मला आमच्या भाच्याची आठवण आली, आणि चौकशीची दिशाच बदलली. 2023 च्या नोव्हेंबरात तो मित्रांसह फुकेतला गेला होता. आपा रोज फोन करून बजावीत, "पाकीट सांभाळ, रात्री फिरू नकोस, कोणाशी भांडू नकोस." त्याने सारे पाळले. चौथ्या दिवशी सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, पातोंगहून कारोनकडे जाणाऱ्या चढउताराच्या रस्त्यावर तो भाड्याच्या स्कूटरवरून घसरला. मांडीचे हाड मोडले. इस्पितळाने आधी पैसे भरा म्हटले. विमा होता, पण विमा कंपनीने कागद पाहून हात वर केले. त्याच्याकडे मोटारीचे लायसन्स होते, दुचाकीचे नव्हते, आंतरराष्ट्रीय परवाना तर नव्हताच. त्यात पासपोर्ट स्कूटरवाल्याने अनामत म्हणून ठेवून घेतलेला. साडेचार लाख रुपये येथून पाठवावे लागले. चोराने त्याचे पाकीट मारले असते तर दहा-पंधरा हजार गेले असते.

हा एकट्याचा नशिबाचा खेळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार 2016 साली थायलंडमध्ये दर लाख लोकसंख्येमागे 32.7 माणसे रस्त्यावर मेली. त्याच तक्त्यात भारत 22.6 आणि श्रीलंका 14.9 वर होती. थायलंडच्या त्या मृतांपैकी चारांत तीन दुचाकी-तीनचाकीवरचे होते. मी हे आकडे मुलापुढे ठेवले. तो बराच वेळ काही बोलला नाही, कारण फुकेतला जाऊन त्याला स्कूटरच घ्यायची होती.

दुसरा धोका समुद्राचा. फुकेतच्या पश्चिम किनाऱ्यावर साधारण मे ते ऑक्टोबर लाटा माणसाला आत ओढतात, किनाऱ्यावर लाल निशाण लावतात, तरी लोक उतरतात. 5 जुलै 2018 रोजी त्याच समुद्रात वादळात पर्यटकांची एक बोट बुडाली, 47 चिनी प्रवासी गेले. खराब हवेचा इशारा आधीच दिलेला होता. परदेशाचे कशाला, 1 फेब्रुवारी 2016 ला आपल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या महाविद्यालयातील 14 विद्यार्थी बुडाले. तेथे कोणी गुंड आला नव्हता. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांना, मुलींना तर अधिकच, पोहता येत नाही आणि अंगभर कपड्यांनिशी आपण पाण्यात उतरतो. म्हणून हॉटेल निवडताना किनाऱ्यावर जीवरक्षक आहे काय आणि त्या महिन्यात पाणी कसे असते, हे प्रश्न कुलुपाच्या आणि चौकीदाराच्या आधी विचारावेत. श्रीलंकेत नैऋत्य किनारा डिसेंबर ते मार्च शांत असतो, उन्हाळी सुट्टीत जावयाचे तर पूर्वेकडचा त्रिंकोमालीचा किनारा बरा.

लुबाडणूक नाही असे नाही. पण तिची तऱ्हा व्यापाऱ्याला चटकन ओळखता यावी. बँकॉकमध्ये राजवाड्याजवळ एखादा सभ्य माणूस भेटतो, "आज वाडा बंद आहे" म्हणतो, टुकटुकवाला नाममात्र भाड्यात फिरवतो आणि शेवटी रत्नांच्या दुकानात नेतो. आज सवलतीचा अखेरचा दिवस, तुमच्या देशात दुप्पट भावाने विकाल! जो माणूस मालेगावात सुताच्या एका गाठीसाठी तीन दुकाने फिरतो, तो तेथे लाखाचे खडे डोळे मिटून घेतो. चाकूने लुटल्या गेलेल्यांपेक्षा या नफ्याच्या लोभाने लुटले गेलेले व्यापारी मला अधिक भेटले आहेत. पाण्यातल्या स्कूटरचेही तसेच. परत केल्यावर "हा ओरखडा तुम्ही पाडला" म्हणून पैसे मागतात. घेण्यापूर्वी मोबाईलवर चारही बाजूंनी चित्रण करावे, नाही तर घेऊच नये. पासपोर्ट कोणाकडेही अनामत ठेवू नये. थायलंडात पर्यटक पोलिसांचा क्रमांक 1155 आहे.

अखेर बेंटोटा ठरले. निर्णय श्रीलंका सुरक्षित आणि थायलंड असुरक्षित असा नव्हता. आमच्या आठ माणसांत अम्मी होत्या, लहान मुले होती आणि एक स्कूटरचा शौकीन होता, म्हणून तसे ठरले. एकटे तरुण असते तर माझे उत्तर वेगळे निघाले असते. आम्ही चालकासह गाडी ठरवली, रात्रीचा प्रवास टाळला, आणि विम्याच्या कागदातील बारीक अक्षरे मी स्वतः वाचली. श्रीलंकेत 1990 या क्रमांकावर मोफत रुग्णवाहिका येते. ती सेवा 2016 मध्ये भारताच्या मदतीने पश्चिम व दक्षिण प्रांतांत सुरू झाली, आणि बेंटोटा दक्षिण प्रांतातच आहे. हा क्रमांक अम्मींच्या पर्समध्येही लिहून ठेवला.

जानेवारी 2025 मध्ये सहा दिवस राहिलो. बेरुवल्यातील रत्नांच्या बाजारातही गेलो. तेथे मुस्लिम व्यापारी रस्त्यावरच कागदाच्या पुड्या उघडून माल दाखवतात. मी पाहिले, चहा घेतला, घेतले काहीच नाही. ओढणीकडे कोणी वळून पाहिले नाही. एकदा रिक्षावाल्याने तिप्पट भाडे मागितले, एवढीच काय ती लूट. नोव्हेंबर 2025 च्या अखेरीस दित्वा चक्रीवादळ त्या देशावर आले, पुरांत आणि दरडींखाली सहाशेहून अधिक लोक गेले. बेंटोटाच्या चालकाला मी फोन केला. तो सुखरूप होता, म्हणाला, "सेठ, बुकिंग मात्र सगळी गेली."

आता धाकटा मुलगा बालीचे नाव घेतो आहे. 12 ऑक्टोबर 2002 ला तेथील कुटा भागात 202 माणसे स्फोटांत मारली गेली, ते त्याची अम्मी विसरलेली नाही. तिला मी बालीची आजची पत्रके वाचून दाखवणार आहे. मुलाला मात्र दुचाकीच्या लायसन्ससाठी आरटीओत अर्ज करावयास सांगितले आहे, तो अजून गेलेला नाही.