नॅनोकणांतून औषध : केंब्रिज, मुंबई, बंगळुरू

रक्तात सोडलेले औषध रोगाच्या जागीच थांबत नाही, शरीरभर पसरते. म्हणूनच कर्करोगावरील डॉक्सोरुबिसिन हृदयाला इजा करते आणि बुरशीवरील अ‍ॅम्फोटेरिसिन-बी मूत्रपिंडांना. औषध तेच ठेवून त्याचे वाहन बदलायचे आणि हा अपाय कमी करायचा, हे नॅनोकणांचे काम. माणसाचा केस सुमारे ८०,००० नॅनोमीटर जाड असतो. हे कण बहुधा काहीशे नॅनोमीटरच्या आतच असतात.

या शास्त्राचा पाया इंग्लंडमध्ये घातला गेला. फॉस्फोलिपिड हा स्निग्ध पदार्थ पाण्यात मिसळला की त्याचे आपोआप बंद, पोकळ गोल तयार होतात, हे केंब्रिजजवळच्या बाब्राहम येथे अलेक बँगहॅम यांना आढळले. १९६५ मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झाले. या ‘लायपोसोम’मध्ये औषध भरण्याची कल्पना ग्रेगरी ग्रेगोरियाडिस यांनी १९७०च्या दशकाच्या आरंभी पुढे नेली. पण यकृत आणि प्लीहेतील भक्षक पेशी हे गोल गिळून टाकत. पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या आवरणामुळे ते रक्तात जास्त काळ टिकू लागले. असे आवरण असलेले ‘डॉक्सिल’ १९९५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले.

पेशींची हीच गिळण्याची सवय काळा आजारात मात्र पथ्यावर पडली, कारण त्याचे परजीवी त्याच पेशींत वाढतात. लायपोसोममधील अ‍ॅम्फोटेरिसिन-बीच्या एकाच मात्रेने ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण बरे झाल्याचे बिहारमधील चाचणीत दिसले. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या औषधाचे भारतीय रूप विकसित करण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयातील डॉ. नीलिमा क्षीरसागर यांचा मोठा वाटा आहे. ते ‘फंगिसोम’ नावाने बाजारात आले. सलाइनमधून देण्याआधी त्याच्या कुपीवर ४५ मिनिटे अल्ट्रासाउंड लहरींचा मारा करतात, म्हणजे आतले कण बारीक होतात. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीजन्य आजाराने थैमान घातले तेव्हा अ‍ॅम्फोटेरिसिन मिळवण्यासाठी नातेवाइकांना वणवण करावी लागली. त्या मे महिन्यात वर्ध्यात त्याच्या इमल्शन स्वरूपातील इंजेक्शनचे उत्पादन सुरू झाले. असे औषध देशात, परवडणाऱ्या दरात तयार होणे किती निकडीचे आहे, हे त्या साथीने दाखवून दिले.

बंगळुरूत या विषयाची दोन अंगे दिसतात. अल्ब्युमिन प्रथिनाच्या कणांत बांधलेले कर्करोगावरील पॅक्लिटॅक्सेल, म्हणजेच ‘अ‍ॅब्राक्सेन’, बायोकॉनने २००८ मध्ये भारतात आणले. दुसरे अंग संशोधनाचे. रक्ताबरोबर वाहत जाणाऱ्या कणाला दिशा देता येत नाही. भारतीय विज्ञान संस्थेत अंबरीश घोष यांच्या गटाने चुंबकीय क्षेत्राने चालवता येणारे, मळसूत्राच्या आकाराचे कण विकसित केले. सिलिकाच्या या कणांवर लोहाचा मुलामा असतो. २०२२ मध्ये या संस्थेतील संशोधकांनी ते काढलेल्या दातांच्या सूक्ष्म नलिकांत २,००० मायक्रोमीटर खोल नेले आणि उष्णता निर्माण करून तिथले जिवाणू मारले. रूट कॅनाल उपचारात औषधी द्रव पोहोचत नाही अशा जागांसाठी हे तंत्र योजले आहे. इथे कण नुसता औषध वाहून नेत नाही, रोगजंतू मारण्याचे काम तो स्वतःच करतो.