जुन्या मोटारीची खचलेली बैठक

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ ॲबिंग्डन नावाचे गाव आहे. तेथील एमजी मोटारींचा कारखाना १९२९ पासून १९८० पर्यंत चालू होता. त्या कारखान्यातून १९६२ साली एमजीबी ही उघडी, ठेंगणी स्पोर्ट्‌स मोटार बाहेर पडली. १९६५ साली तिला टपाची बहीण लाभली, आणि १९८० पर्यंत या घराण्याच्या पाच लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. त्यांतील कितीतरी गाड्या हौशी मालकांनी आजही चालत्या ठेवल्या आहेत. इंजिनाची निगा, रंगाची झळाळी, चाकांची स्वच्छता यांकडे त्यांचे बारीक लक्ष असते. तथापि एक भाग असा आहे की, जो डोळ्यांना दिसत नाही, पण पाठीला मात्र नेमका जाणवतो. तो म्हणजे आसनाच्या आवरणाखालचा फोम. तो जुना झाला म्हणजे बदलावा की तसाच राखावा, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

प्रथम हा फोम झिजतो म्हणजे काय होते, ते पाहिले पाहिजे. रबराच्या चिकाला फेस आणून त्याची मऊ गादी करण्याची रीत डनलॉप कंपनीने इंग्लंडमध्ये १९२९ च्या सुमारास बसविली. दुसरा प्रकार पॉलियुरेथेनचा. त्याच्या रसायनाचा पाया जर्मनीत ऑटो बायर यांनी १९३७ साली घातला आणि त्याचा मऊ फोम १९५० नंतरच्या दशकात सर्वत्र पसरला. दोहोंतही असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. दाबल्यावर त्यांतील हवा निघून जाते, आणि पोकळ्यांच्या भिंती पुन्हा ताठ झाल्या की गादी वर येते. हवेतील प्राणवायू, उष्णता व प्रकाश यांच्यामुळे या भिंती वर्षानुवर्षे कमकुवत होत जातात. रबराचा फोम प्रथम कडक होतो, मग त्याला तडे जातात आणि शेवटी त्याचा भुगा होतो. पॉलियुरेथेनच्या काही प्रकारांना दमटपणाही बाधतो. कापसाची गादी दबली तर पिंजारी ती उकलून कापूस पुन्हा पिंजून देतो. फोमला असा पुनर्जन्म नाही. त्याच्या पोकळ्या एकदा मोडल्या की त्या कायमच्या मोडल्या.

परंतु बैठक खचली म्हणजे फोमच खचला, असे मानणे घाईचे ठरते. एमजीबीच्या आसनात फोमच्या खाली, निरनिराळ्या वर्षांच्या रचनेप्रमाणे, ताणलेल्या रबरी पट्ट्या असतात किंवा चौकटीला आकड्यांनी अडकविलेला रबरी पडदा असतो. सगळा भार अखेर त्यावरच येतो. पलंगाची नवार सैल पडली असता वर कितीही जाड गादी घातली, तरी झोपणारा मध्यभागी घसरतोच. तीच गत येथे होते. पट्ट्या सैल झाल्या असताना नवा फोम बसविणे म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून परीक्षा खालून सुरू करावी. आसन सोडवून उलटे करावे आणि रबराला चिरा पडल्या आहेत काय, आकडे निसटले आहेत काय, हे पाहावे. जमिनीवर पिवळसर किंवा तपकिरी भुकटी सांडलेली आढळली, तर फोम विरघळू लागला आहे असे समजावे. ती भुकटी झाडताना नाकातोंडावर फडके बांधणे बरे. नंतर तळहाताने गादी दाबून पाहावी. हात उचलताच ती वर आली, तर तिच्यात जीव आहे. खळगा तसाच राहिला किंवा आतून कुरकुर ऐकू आली, तर तिचे आयुष्य संपले आहे.

तुलनेचे एक उत्तम माप गाडीतच असते. चालकाशेजारचे आसन बहुधा कमी वापरलेले असते. एकाच माणसाने दोन्ही आसनांवर आळीपाळीने बसावे आणि डोळे समोरच्या काचेच्या कडेपासून किती खाली येतात, ते पाहावे. चालकाचेच आसन खाली गेले असेल, तर कारण वापराचे. दोन्ही सारखीच दबली असतील, तर कारण वयाचे. एमजीबीचे आसन पुढे-मागे सरकते, पण त्याची उंची कमीजास्त करता येत नाही. त्यामुळे बैठक खचली की चालकाची नजर स्टिअरिंगच्या कड्याआड येऊ लागते, मांड्यांचा आधार सुटतो आणि क्लच पूर्ण दाबण्यासाठी अंग ताणावे लागते. बसताना चौकटीची नळी हाडांना टोचू लागली, तर प्रश्न केवळ आरामाचा राहत नाही. गाडीवरील ताबा आणि चालकाची सुरक्षितता यांचाच तो प्रश्न होतो. अशा वेळी जुनेपणाच्या प्रेमाने दिरंगाई करणे योग्य नव्हे.

आता दुसरी बाजू. आवरण न काढता फोम बदलता येत नाही. सुरुवातीच्या गाड्यांतील आवरणे चामड्याची होती. इतक्या वर्षांनी ते चामडे आटलेले असते आणि टाके कुजलेले असतात. नव्या, फुगीर फोमवर ते ओढून बसविताना शिवण उसवण्याचा संभव फार. म्हणजे फोम बदलण्याचा निर्णय हा पुष्कळदा आवरण बदलण्याचाही निर्णय असतो, आणि हे आधीच ओळखले पाहिजे. मूळ चामड्यावरील सुरकुत्या, रंगाची फिकट छटा, कारखान्यातील शिवण, हे सारे एकदा गेले की कोणताही कारागीर परत आणू शकत नाही. जुन्या मोटारींच्या ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१२-१३ च्या सुमारास जी ट्यूरिनची सनद पुढे ठेवली, तिचाही रोख असाच आहे : हस्तक्षेप आवश्यक तेवढाच असावा आणि केलेल्या बदलाची नोंद राहावी.

म्हणून क्रम असा असावा. गादीत जीव आहे आणि फक्त पट्ट्या सैल आहेत, तर पट्ट्याच बदलाव्यात. कडा थोड्या दबल्या असतील, तर आवरण व गादी यांच्यामध्ये कापसाचा किंवा लोकरीचा पातळ थर पुरेसा होतो. गादीचा भुगा होऊ लागला असेल, तर मात्र ती निःसंकोच बदलावी. कारण तो भुगा आवरणाच्या आतल्या बाजूस घासतो आणि ज्याला जपायचे त्याचीच झीज करतो.

नवा फोम निवडताना दोन गुण वेगळे ओळखावेत. घनता म्हणजे ठरावीक आकारमानात पदार्थ किती; तिच्यावर बव्हंशी टिकाऊपणा अवलंबून असतो. कठीणपणा म्हणजे दाबण्यास किती जोर लागतो. त्यावर बसण्याचे सुख अवलंबून असते. कठीण फोम टिकाऊच असेल, असे नाही. फार उंच वा कठीण गादी घातली, तर चालकाचे डोके टपाला लागते आणि गुडघे स्टिअरिंगला अडतात. म्हणून चिकटविण्यापूर्वी गादी नुसती ठेवून त्यावर अर्धा तास बसून पाहावे. जुनी गादीही लगेच फेकू नये. नवीन कापताना तिच्याच आकाराचा नमुना कामी येतो, आणि काढल्याची तारीख लिहून ठेवल्यास पुढील मालकाला त्या गाडीचा इतिहास कळतो.

एमजीबीसारख्या विपुल संख्येने निघालेल्या गाडीला नवा फोम सहज मिळतो. तिच्या पहिल्या चामड्याला मात्र जोड मिळत नाही. या दोहोंतील भेद ज्याने ओळखला, त्याला काय बदलावे आणि काय राखावे, याचा निर्णय करणे फारसे जड जाणार नाही.